थायरॉईडची गोळी चालू आहे, मग कॅल्शियम, बायोटिन, अश्वगंधा कधी आणि कसं घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५८ वर्षांच्या, कोल्हापुरात राहतात, मुलगी पुण्यात नोकरीला. आईंना हायपोथायरॉईड आहे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करते, बरीच वर्षं ७५ ची गोळी चालू आहे आणि टीएसएच (रक्तातली तपासणी, थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो) कायम ३ च्या आसपास असायचा, यावेळी एकदम ९ आला. डॉक्टर म्हणाले १०० ची करू. पण मधल्या काळात गुडघ्यासाठी कॅल्शियम, केसांसाठी बायोटिन आणि अशक्तपणासाठी मल्टिव्हिटॅमिन असं तीन गोष्टी सुरू झाल्यात, आणि आता मावशी म्हणतात अश्वगंधा घे, थायरॉईड मुळापासून जातो. यातलं काय चालेल, काय नाही?

ताई, मी फार्मासिस्ट आहे, राजारामपुरीत मेडिकलच्या काउंटरमागं निम्मं आयुष्य गेलंय. डॉक्टर नाही, त्यामुळं ७५ का १०० हे मी ठरवणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते बघून पहिला संशय मला गोळीच्या डोसवर येत नाही, कॅल्शियमच्या वेळेवर येतो. आई कॅल्शियम कधी घेतात हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारायला पाहिजे. आपल्याकडं घरोघरी एक पद्धत आहे, सगळ्या गोळ्या एका डबीत आणि सकाळी उठल्या उठल्या एका घोटात सगळ्या, म्हणजे दिवसभराची कटकट नको. बीपीच्या गोळीला ते चालून जातं. थायरॉईडच्या गोळीला नाही.

ही गोळी, म्हणजे थायरोनॉर्म घ्या, एल्ट्रॉक्सिन घ्या नाहीतर थायरॉक्स, आत औषध एकच, लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपण थायरॉक्सिन म्हणतो ते. आणि ते मोजतात मायक्रोग्रॅममध्ये. ७५ म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचा तेरावा-चौदावा भाग. समोर कॅल्शियमची गोळी असते ५०० मिलिग्रॅमची. एवढंसं औषध आतड्यात एवढ्या ढिगाबरोबर पडलं की ते कॅल्शियमला चिकटून बसतं आणि रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. तसंही उपाशीपोटी घेतली तरी गोळीतलं साधारण ६० ते ८० टक्केच अंगाला लागतं, त्यात हे. अमेरिकेत २००० साली यावर एक अभ्यास छापून आला होता, २० पेशंटना थायरॉक्सिनबरोबर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम तीन महिने दिलं, सरासरी टीएसएच १.६ वरून २.७ झाला, काहींचा तर नॉर्मलच्या वर गेला, आणि कॅल्शियम बंद केल्यावर परत १.४ वर आला. गोळी तीच, डोस तोच. आयर्नचं त्याहून वाईट. १९९२ च्या एका अभ्यासात १४ जणांना १२ आठवडे दोन्ही एकत्र दिलं तर सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ वर गेला.

म्हणून कॅल्शियम, आयर्न, मॅग्नेशियम, झिंक, आणि हे सगळं पोटात घेऊन बसलेलं मल्टिव्हिटॅमिन, यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर पाहिजे. अर्धा तास नाही, चार तास. अर्धा-एक तास हा नियम चहा-नाष्ट्याचा आहे, लोक तोच कॅल्शियमला लावतात आणि तिथंच घोळ होतो.

तुम्ही एक काम करा, आईंना सगळ्या स्ट्रिपा मागच्या बाजूनं फोटो काढून पाठवायला सांगा. पुढं नाव मोठं असतं पण कामाचं सगळं मागं बारीक अक्षरात असतं. कॅल्शियमच्या स्ट्रिपवर बहुतेक असं दिसेल, कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, त्यात कॅल्शियम ५००, आणि खाली व्हिटॅमिन डी३ अमुक युनिट. मग मल्टिव्हिटॅमिनची बघा, तिथं यादीत फेरस फ्युमरेट (म्हणजे आयर्न) दिसतंय का, झिंक सल्फेट किंवा झिंक ऑक्साईड दिसतंय का, कॅल्शियमचं काही दिसतंय का. दिसलं तर ती गोळी पण चार तासांच्या नियमात आली, बाटलीवर 'फक्त व्हिटॅमिन' म्हणून फळांचं चित्र असू दे नाहीतर काय असू दे. काउंटरवर मी विचारतो अजून काय चालू आहे, तर उत्तर येतं, "काय न्हाई ओ, ही एकच गोळी हाय." आणि मग पिशवी उलटी केली की चार स्ट्रिपा निघतात. "ते व्हय? ते तर ताकदीचं हाय, औषध नव्हं." बास, इथंच सगळं अडतं. डॉक्टरांनी विचारलं तरी लोक ताकदीचं सांगत नाहीत, लपवायचं म्हणून नाही, त्यांच्या हिशोबात ते औषधात धरलेलंच नसतं.

तर डॉक्टरांकडं परत जाऊन एवढंच सांगा की अमुक महिन्यापासून कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन चालू झालंय, आणि ते सकाळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच (किंवा नाष्ट्यानंतर लगेच) घेतलं जात असेल तर तेही. ते कदाचित म्हणतील की ठीक आहे, ७५ वरच राहू, वेळा नीट करू आणि सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच बघू. किंवा म्हणतील त्रास फार आहे, वाढवूया. दोन्ही बरोबर असू शकतं, त्यांच्यासमोर पेशंट आहे, माझ्यासमोर नाही. पण माहिती न देता डोस वाढला तर पुढची गंमत अशी होते की डोस १०० झाला, टीएसएच छान आला, आणि मग चार महिन्यांनी कुणीतरी सांगितलं कॅल्शियमनं मुतखडा होतो म्हणून आईंनी कॅल्शियम आपलं आपण बंद केलं. आता १०० ची गोळी पूर्ण लागायला लागली आणि तोच डोस जास्त झाला. मग धडधड, झोप नाही, हात थरथरणं, घाम, वजन उतरणं. ५८ च्या वयात हे हलक्यात घेऊ नका, थायरॉक्सिन बरेच दिवस जास्त राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याची भीती असते आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणजे ज्या हाडांसाठी कॅल्शियम सुरू केलं होतं त्यांचंच नुकसान.

सहा ते आठ आठवडे का, तर हे औषध अंगात हळू उतरतं, निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळं वेळ बदलली आणि पुढच्याच आठवड्यात रक्त तपासलं तर काही कळत नाही, नुसते पैसे जातात. याचाच दुसरा फायदा असा की एखाद्या दिवशी गोळी चुकली तर आकाश कोसळत नाही. त्या दिवशी पोट रिकामं असताना आठवली तर घ्या, नाही आठवली तर दुसऱ्या दिवशी काय करायचं हे तुमच्या डॉक्टरांना एकदाच विचारून ठेवा. रोज चुकत असेल तर मात्र वेगळी गोष्ट.

आता उपाशीपोटी म्हणजे काय यावर थोडं बोलतो, कारण यावर सगळ्यात जास्त वाद माझ्या काउंटरवर होतात. आपल्याकडं चहा हा खाण्यात धरत नाहीत. पहाटे साडेपाचला चहा झाला, सोबत बटर किंवा खारी बुडवून झाली, मग सातला गोळी, आणि म्हणायचं उपाशीपोटीच घेते की. तसंच लिंबू-मध पाणी, मेथीचं पाणी, गरम पाण्यात तूप, ॲपल सायडर व्हिनेगर, रोज काहीतरी नवीन निघतं. गोळी साध्या पाण्याबरोबर, पेलाभर, आणि त्यानंतर अर्धा तास तर नक्की, जमलं तर तासभर काहीच नाही. कॉफीनं गोळी कमी लागते हे अभ्यासात दिसलंय. दुधानं पण लागणं कमी होतं, त्यात कॅल्शियमच असतं ना. गंगावेशीत म्हशीची धार काढून समोर पेला भरून देतात, तुमचे वडील आणून देत असतील किंवा आई स्वतः जात असतील तर बंद करा म्हणत नाही मी (कोल्हापुरात राहून तसं म्हणायची माझी हिंमत पण नाही), फक्त तो पेला गोळीला चिकटून नको, सकाळी उशिरा नाहीतर संध्याकाळी घ्या.

सकाळी जमतच नसेल, म्हणजे घरात पाचला उठून डबे करायचे आणि चहाशिवाय डोळा उघडत नाही असं असेल तर रात्री झोपताना पण गोळी घेता येते. नेदरलँड्समध्ये २०१० साली यावर अभ्यास झाला, रात्रीची गोळी सकाळच्या गोळीपेक्षा उलट थोडी जास्तच चांगली लागू पडली. पण अट अशी की जेवून तीन तास झालेले पाहिजेत, आणि मग रात्रीचं हळद-दूध, इसबगोल, रात्रीचं कॅल्शियम हे सगळं तिथून हलवावं लागतं. साडेनऊला जेवून साडेदहाला झोपणाऱ्या घरात हे बसत नाही. बसत असेल तर डॉक्टरांना विचारून करा, आणि एकदा ठरलं की रोज तीच वेळ. आज सकाळी, उद्या रात्री असं नको.

बायोटिनचा विषय वेगळाच आहे. बायोटिन गोळीला अडवत नाही, ते रिपोर्टला फसवतं. बऱ्याच लॅबमधली थायरॉईड टेस्ट अशा पद्धतीनं चालते की त्यात बायोटिन हाच एक घटक वापरलेला असतो, त्यामुळं रक्तात बायोटिन भरपूर असेल तर मशीनचा हिशोब चुकतो. टीएसएच खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि टी३-टी४, म्हणजे थायरॉईडचे हार्मोन, जास्त दिसतात. म्हणजे कागदावर पेशंटचा थायरॉईड वाढलेला, डॉक्टर डोस कमी करणार, आणि प्रत्यक्षात पेशंट आधीच सुस्तावलेला. माणसाला दिवसाला लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन, आणि केसांच्या गोळ्यांत, गमीजमध्ये असतं ५ मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० नाहीतर १०,००० मायक्रोग्रॅम. आता तुमच्या आईंचा विचार करा. बायोटिन चालू असताना टीएसएच ९ आलाय. लॅबचं मशीन त्या पद्धतीचं असेल तर खरा आकडा ९ पेक्षा जास्त पण असू शकतो. म्हणून पुढच्या टेस्टच्या आधी बायोटिन किमान दोन दिवस बंद, डोस १० मिलिग्रॅम वगैरे असेल तर आठवडाभर बंद ठेवलेलं बरं, आणि रक्त काढायला येणाऱ्या मुलाला पण सांगा की हे चालू होतं. खरं सांगू का, टीएसएच ९ असताना केस गळू शकतातच. थायरॉईड जागेवर आला की काही महिन्यांनी गळती बऱ्यापैकी थांबते, तोवर महागाच्या गमीज खाऊन विशेष काही हाती लागत नाही. मी विकतो तरी सांगतोय.

अश्वगंधा. मावशींचा हेतू चांगला आहे, पण यावेळी नको म्हणा. कारण असं नाही की ती काम करत नाही, उलट ती थायरॉईडवर काम करते असं दिसतं. अश्वगंधा घेतल्यावर थायरॉईडचे हार्मोन वाढल्याचं छोट्या अभ्यासांत आणि काही पेशंटमध्ये नोंदलंय. म्हणजे एकीकडं मोजून मापून मायक्रोग्रॅममध्ये गोळी द्यायची आणि दुसरीकडं किती वाढवेल याचा अंदाज नसलेली गोष्ट घालायची, मग टीएसएचचा अर्थ कुणी आणि कसा लावायचा? लिव्हरला त्रास झाल्याच्या पण नोंदी आहेत. कांचनार गुग्गुळ पण थायरॉईडसाठी खूप जण घेतात. तुम्हाला आयुर्वेदच करायचा असेल तर नीट शिकलेल्या वैद्यांकडं जा, त्यांना ही गोळी दाखवा आणि इकडच्या डॉक्टरांना ती औषधं दाखवा. मला भीती वाटते ती काढ्याची नाही, काढा चालू झाला म्हणून गोळी बंद करण्याची. ग्रंथी थकलेली असताना गोळी सोडली की पहिले दोन-तीन आठवडे काही वाटत नाही, औषध अंगात शिल्लक असतं ना, आणि लोकांना वाटतं बघा, गोळीशिवाय पण चाललंय. मग चेहरा सुजतो, आवाज बसतो, पायात गोळे येतात.

'थायरॉईड सपोर्ट' नावाच्या ऑनलाईन मिळणाऱ्या कॅप्सूल तर अजिबात नको. अमेरिकेत अशी दहा प्रॉडक्टं तपासली होती, २०१३ मध्ये त्याचा रिपोर्ट आला, दहातल्या नऊमध्ये चक्क टी३ हार्मोन सापडलं. नैसर्गिक म्हणून विकायचं आणि आत हार्मोन. त्यात केल्प असलं, म्हणजे समुद्री शेवाळ, तर आयोडिनचा वेगळा प्रश्न. लोकांना शाळेपासून एवढं पाठ आहे की आयोडिन कमी झालं की गलगंड होतो, म्हणून थायरॉईड म्हटलं की आयोडिन वाढवा. पण आपल्याकडं २००६ पासून खायचं मीठ आयोडिनवालंच विकायचं असा कायदा आहे, आणि आता मोठ्या माणसात जो हायपोथायरॉईड दिसतो तो बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटल्यामुळं असतो, त्याला हाशिमोटो म्हणतात. तिथं आयोडिनचा मारा केला तर बिघडतं, सुधारत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, ते साध्या मिठातून मिळतं. आणि याच्या उलट टोकाला जाऊन घरातलं सगळं मीठ काढून गुलाबी सैंधव आणायची पण गरज नाही, उपवासाला वापरा की, रोज कशाला.

सेलेनियमबद्दल पण आता लोक विचारायला लागलेत. दिवसाची गरज ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, ४०० च्या वर जायचं नाही. गोळी असते बहुधा २०० ची, मल्टिव्हिटॅमिनमध्ये अजून थोडं, वर कुणी ब्राझील नट खात असेल तर अजून. जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात. म्हणजे केसांसाठीच घ्यायचं आणि केसच घालवायचे. डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर मी म्हणेन राहू दे.

बी१२, फोलिक ॲसिड, ओमेगा-३ यांचं थायरॉईडच्या गोळीशी भांडण नाही, नाष्ट्यानंतर कधीही घ्या. बी१२ तर शाकाहारी असाल किंवा शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर तपासून घ्याच, कारण थकवा आणि मुंग्या थायरॉईडच्या नावावर खपतात आणि निघतं बी१२ कमी. फक्त नुसतं बी१२ आहे ना हे स्ट्रिपमागं बघा. व्हिटॅमिन डी नुसतं असेल तर तेही चालतं, पण ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक असतं, रोज एक नाही. रोज घेणारे लोक मी बघितलेत, रक्तातलं कॅल्शियम वाढून ॲडमिट व्हायची वेळ येते.

ॲसिडिटीचं तुम्ही विचारलं नाही पण तांबडा-पांढरा रस्सा खाणाऱ्या गावात ते सांगावं लागतंच. अँटासिडचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी, यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम असतं, ते चार तास लांब. पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी वेगळ्या प्रकारे नडते, ती पोटातलं ॲसिड दिवसभर कमी ठेवते आणि थायरॉईडची गोळी विरघळायला ॲसिड लागतं, त्यामुळं वेळ मागंपुढं करून फारसा फरक पडत नाही. ती रोज आणि बरेच महिने चालणार असेल तर डॉक्टरांना सांगून टीएसएच परत बघायचा, एवढंच. आईंची ॲसिडिटीची गोळी पण चालू आहे का बघा, टीएसएच वाढण्यामागं तीही असू शकते.

आता आईंचा दिवस कसा लावायचा. सहाला उठल्यावर थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर. सातला चहा, आठ-साडेआठला नाष्टा, पोहे असोत नाहीतर मिसळ. बी१२ असेल तर तेव्हा. दुपारी एकच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, कार्बोनेट जेवणाबरोबरच नीट लागतं. मल्टिव्हिटॅमिन रात्रीच्या जेवणानंतर, त्यात आयर्न असेल तर कॅल्शियमपासून पण लांब राहतं. एका वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा आणि थायरॉईडची बाटली डबीतून काढून उशाशी ठेवा, पाण्याच्या तांब्याशेजारी. कॅल्शियमची स्ट्रिप जेवणाच्या टेबलावर. फ्रिजमध्ये किंवा गॅसजवळ मात्र बाटली ठेवू नका, दमटपणानं आणि उष्णतेनं गोळी खराब होते. ब्रँड पण शक्यतो तोच ठेवा, दुकानदारानं "तेच आहे हो" म्हणून दुसरा दिला तर डॉक्टरांना कळवा.

तुमच्या ओळखीत कुणी गरोदर असेल आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिला हे नक्की पाठवा, कारण तिचं गणित सगळ्यात अवघड असतं. आशाताईंकडून आयर्न-फोलिकची गोळी मिळते, कॅल्शियम दिवसातून दोनदा असतं, आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नसतं, आणि थायरॉईडची गोळी दोघांपासून चार तास. सहाला थायरॉईड, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, चार-पाचला लिंबू सरबताबरोबर आयर्न, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम, असं बसतं. यातली कुठलीच गोळी तिनं सोडायची नाही. आणि दिवस राहिल्याचं कळल्या कळल्या डॉक्टरांना फोन करायचा, पुढच्या चेकअपची वाट न बघता, कारण गरोदरपणात थायरॉक्सिन बहुतेकींना वाढवावं लागतं, साधारण पाव ते तिसरा हिस्सा, आणि बाळाला ते पहिल्या तीन महिन्यांतच सगळ्यात जास्त लागतं.

आईंच्या बाबतीत मात्र छातीत धडधड, दम लागणं, किंवा प्रचंड सुस्ती आणि अंगावर सूज असं काही असेल तर वेळापत्रक लावून आठ आठवडे थांबू नका, याच आठवड्यात दाखवा, आणि जाताना त्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या.